कुंकू लागलेली दुर्बीण

लोक मला विचारतात, एवढ्या जुन्या दुर्बिणीला एवढी किंमत कशी काय येते? बंदुकीवर बसवायची दुर्बीण म्हणतोय मी, स्कोप. सोलापुरात माझं चष्म्याचं दुकान आहे, पण कॅमेरा म्हणा, दुर्बीण म्हणा, काचेचं काहीही बिघडलं की लोक माझ्याकडेच येतात. तर उत्तर सोपं आहे. नवी स्वस्तातली दुर्बीण सगळी चिकटवलेली असते. उघडायला जावं तर मोडते, मग घाला भंगारात. जुनीचं तसं नाही. स्क्रू काढा, काचा बाहेर घ्या, पुसा, परत बसवा, पुढच्या पिढीला पुरते. नळी पोलादी, आतलं काम पितळी. एकदा नेम जुळवला की कितीही धक्के बसू देत, जागचा हलत नाही. म्हणून अशी वस्तू पडून राहत नाही. गिऱ्हाईक शोधावं लागत नाही, तेच वास काढत येतं. याचा मला फार अभिमान होता.

आमच्या वडिलांची असली एक होती. होटगीच्या पुढे आमचं गाव, घर शेतातच. पिकाच्या राखणीसाठी वडिलांकडे परवान्याची रायफल होती, तिच्यावर ही दुर्बीण. दर खंडेनवमीला कोयता, नांगराचा फाळ आणि बंदूक पाटावर मांडायची, सगळ्यांना हळदकुंकू, आणि दुर्बिणीला वेगळं बोट. तिच्या पुढच्या कड्याला बोटांची पकड बसावी म्हणून बारीक खाचा असतात. त्या खाचांत वर्षानुवर्षांचं कुंकू जाऊन बसलं होतं. वडील गेले, परवाना थोरल्या भावाच्या, म्हणजे दादाच्या नावावर झाला, आणि दुर्बीण ट्रंकेत गेली.

यंदा उन्हाळ्यात दादा ती घेऊन दुकानात आला.

"आत बुरशी आलीया. साफ करून दे."

"आता कशाला रे दादा?"

"डुकरं लई झाल्यात उसात."

मी बरं म्हणालो, चहा मागवला. तो गेला आणि मग माझी ट्यूब पेटली. डुकरं येतात रात्री. या जुन्या दुर्बिणीतून रात्री काय डोंबल दिसतंय? ही दिवसाउजेडी वापरायची वस्तू. शिवाय उसातलं डुक्कर दिसलंच तर अगदी पुढ्यात दिसतं, त्याला दुर्बीण काय करायची? मग मी पुढचं कडं बघितलं. ते फिरवून अंतर लावायचं असतं. वडिलांनी ते कायम जवळच्या खुणेवर ठेवलेलं. आता ते लांबच्या खुणेवर होतं. म्हणजे दादानं ती डोळ्याला लावून बघितली होती. आमच्या उंबऱ्यावरून तेवढ्या लांब बघण्यासारखं एकच काही आहे, वाटेपलीकडच्या शेजाऱ्याची विहीर. तिथं तो रोज सकाळी मोटार चालू करायला येतो.

त्या शेजाऱ्यानं आमच्या वाटेत आडवा चर खणला होता. ट्रॅक्टर शेतात जाईना. तहसीलात नुसत्या तारखा. सुरुवातीला दादा त्याला शिव्या द्यायचा, ते बरं होतं. पुढं शिव्या बंद झाल्या. दादा गप्प झाला की मला लहानपणापासून भीती वाटते.

आठवड्याभरात वहिनीचा फोन आला. हळू आवाजात बोलत होती. "भाऊजी, ती दुर्बीण परत दिऊ नका. ह्ये रोज उंबऱ्यावर बसून त्या विहिरीकडं बघत असत्यात. जेवायला हाक मारली तरी उठत न्हाईत. मला काय बरं दिसंना."

मग काय, मी टोलवाटोलवी सुरू केली. औषध लावून ठेवलंय, बुरशी हट्टी आहे, एक भाग पुण्याहून यायचाय. दादा फोनवर नुसतं "बरं" म्हणायचा. श्रावणात तो न सांगता दुकानात उगवला. दुर्बीण टेबलावर उघडी, काचा लख्ख. त्यानं एक काच उचलून उजेडाकडं धरली.

"निघाली की बुरशी."

"आतली बाकी आहे अजून."

"खंडेनवमीला येताना घिऊन ये. पूजेला लागंल," म्हणाला आणि गेला. चहासुद्धा घेतला नाही.

मोडून टाकावी म्हणून मी एकदा हातोडी घेऊन बसलो होतो. पण कड्यातलं वडिलांचं कुंकू बघितलं आणि हात धजेना. लपवावी, तर दादाला माझ्या घरातला कोपरा न कोपरा ठाऊक. शेवटी ठरवलं, विकायची. दादाला सांगायचं, काच तडकली, निकामी झाली. जुन्या दुर्बिणी घेणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला, आणि संध्याकाळच्या आत माणूस हजर!

अक्कलकोटकडचा होता, मराठीला कन्नडचा हेल, टापटीप, बोलायला गोड. एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे म्हणाला.

"सासऱ्यांसाठी घेतोय. नवी आणली होती, दोन पावसांत धुरकट झाली. आता जुनीच पाहिजे म्हणतात. उसात डुकरांचा लई त्रास आहे हो त्यांना."

"असणारच," मी म्हणालो. आणि अभिमानाच्या भरात बोलत सुटलो, पोलाद काय, पितळ काय, नेम कसा हलत नाही. त्यानं कड्याच्या खाचांवरून बोट फिरवलं.

"हे लाल काय?"

"कुंकू. ब्रशनं काढून देतो."

"राहू द्या की. पुजलेली वस्तू बरी."

चष्मा घ्यायला आलेल्या माणसाला मी गाव, पाव्हणे, सगळं विचारतो. याला सासऱ्यांचं गाव विचारलं नाही. अक्कल कुठं शेण खायला गेली होती कोण जाणे! उलट तो गेल्यावर वहिनीला फोन करून सांगितलं, गेली एकदाची पीडा. ती रडायलाच लागली.

खंडेनवमीला गावी गेलो. काच तडकली म्हणून सांगितलं. दादानं बंदुकीला कुंकू लावलं, आणि दुर्बिणीच्या मोकळ्या जागेवरही एक बोट टेकवलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. संध्याकाळी लोक सोनं द्यायला बाहेर पडले. त्या दिवशी वैर विसरून आपट्याची पानं द्यायची रीत आहे. शेजारी स्वतः आला नाही, पण त्यानं जावयाला पाठवलं. चर ओलांडून कुणीतरी येताना दिसलं आणि वहिनीचा चेहरा उजळला. मलाही वाटलं, चला, मिटतंय बहुतेक. मग तो माणूस अंगणात आला आणि मी ओळखला, दुर्बीण घेऊन गेलेला तोच टॉवेल कारखान्यातला सुपरवायझर.

तो दादाच्या पाया पडला, हातात पानं ठेवली, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा" म्हणाला. मग वळला, मला बघितलं आणि एकदम खुलला.

"अहो, तुम्ही इथं? काय दुर्बीण दिलीत राव! सासरे लई खूश आहेत. विहिरीवरनं तुमच्या दारातला माणूससुद्धा ओळखता येतो बघा!"

त्या बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं. कौतुकानं बोलला, चहा घेतला, गेला. वहिनी खांबाला धरून उभी होती. दादानं पानं नीट खिशात ठेवली. त्याची नात अंगणात खेळत होती, तिला उचलून आत नेलं आणि पुढचं दार लावून घेतलं.

"दादा, ऐक तरी..."

"तू का इकलीस त्ये कळलं मला," तो म्हणाला. "मी गप बसंन रं. त्यो बसंल का?"

दुसऱ्या दिवशी मी मागच्या दारानं बाहेर पडलो आणि सोलापूरला आलो.

दिवाळी होऊन गेली. गावी सगळे अजून मागच्या दारानंच ये-जा करतात, नातीला अंगणात सोडत नाहीत. शेजारी सकाळी विहिरीवर येतो, असं वहिनी सांगते, आणि हल्ली बंदूक घेऊनच येतो. परवा दुकानात गर्दी असताना दादाचा फोन आला. आवाज अगदी शांत होता.

"तसलीच एक जुनी बघून ठेव माझ्यासाठी. नवी नको. नवी टिकत न्हाय म्हणतोस की तूच."