ओल्या मातीवरचा फराटा

आधीच सांगून ठेवतो – आमच्या घरात भूत, अंगात येणं, उतारा टाकणं यातलं काहीच नाही. धम्मदीक्षा घेतली त्या साली माझ्या बानं घरातले देव टोपल्यात भरून नदीत सोडले आणि घरी येऊन पोटभर जेवला. मी त्याचाच मुलगा. आमच्या भावकीतला पहिला बी.ए. खामगावला खोली करून, स्वतःच्या हातानं भाकरी थापून मी पदवी घेतली. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. तेव्हा असल्या सदरातले अनुभव वाचून मी हसणाऱ्यांपैकी. पण हे एक मला आजवर सुटलेलं नाही... म्हणून लिहितो.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. आमचं खेडं घाटावर, बुलढाण्याच्या अंगाला. घाटाखाली धामणगाव बढे. तिथल्या शाळेत डोळ्यांच्या ऑपरेशनचं शिबिर लागलं होतं. बाचा डावा डोळा आधीच गेला होता. उजव्यातला मोतीबिंदू इतका पिकला होता की बुलढाण्याच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं – आता नाही काढला तर हाही जाईल. शिबिराची खबर आम्हाला लागली ती अगदी शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी. डॉक्टरलोक दुसऱ्या दिवशी नवे पेशंट घेऊन मग घेणं बंद करणार होते. पुढचं शिबिर कधी, कुणाला माहीत? सडकेनं जायचं तर मोठा वळसा, आणि एसटी आमच्या गावाला येतच नव्हती.

मी म्हणालो, "बा, सायकलनं जाऊ. जंगलातून."

"डबलशीट? घाटातून?" बा हसला. "मले काय, मले तं दिसतच नाई. भ्याचं काम तुह्यं."

उजाडताच निघालो. थंडीचे दिवस. कॅरियरवर पोत्याची घडी, तिच्यावर दोन्हीकडे पाय टाकून बा, त्याचा हात माझ्या कमरेला. गाव सुटलं आणि माळावर धुकं लागलं. असं धुकं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. वाळलेलं गवत कमरेएवढं, दवानं वाकलेलं, आणि त्यातून लाकडाच्या गाड्यांची जुनी चाकोरी. पुढच्या चाकाच्या पलीकडे सगळं पांढरं. मी पायडल मारत होतो, पण आपण पुढे जातोय असं वाटेचना. आपण जागेवरच आहोत आणि सागाची झाडं एकेक करून आपल्याला भेटून मागे जातात, असं वाटायचं. मोठ्यानं बोलावंसंही वाटत नव्हतं. कुणीतरी झोपलंय आणि आपण त्याच्या उशाशी सायकल चालवतोय... तसं.

घाटमाथ्यावर थांबलो. घाट उतरताना सायकलला पाल्याची फांदी बांधायची, ही आमच्याकडची रीत. मागे वजन असलं की नुसत्या ब्रेकवर भागत नाही. फांदी फरफटत येते, सायकल आवरून धरते. पायथ्याशी पोचलं की ती सोडून द्यायची. खालच्या वस्तीतल्या बाया तिथं त्यासाठीच बसलेल्या असतात, सरपणाला नेतात. मी पळसाची चांगली भरदार फांदी तोडून कॅरियरखाली आवळून बांधली. तेव्हा वाटेकडे नजर गेली. दवानं ओली झालेली माती, आणि तिच्यावर झाडूनं झाडल्यासारखा एक ताजा फराटा, खाली उतरत गेलेला.

"बा, आपल्याआधी कोणीतरी सायकल घेऊन उतरलं. फांदीचा माग आहे."

"बरं झालं," बा म्हणाला. "सोबत झाली."

मला धीर आला. मान खाली घालून मी तो फराटा धरला आणि उतरायला लागलो. मागे आमची फांदी खरखरत होती, ओल्या पाल्याचा वास येत होता. वळणावर मी जोरानं ब्रेक दाबले, आम्ही जवळजवळ थांबलो, आमची फांदी गप्प झाली. तरी पुढं धुक्यात खरखर चालूच होती. अगदी जवळ, चार हातांवर असावी तशी. फ्रीव्हीलची टकटकही ऐकू आली. मी हाक दिली, "ओ भाऊ, जरा थांबा." नुसती टकटक जराशी मंदावली.

आणि मागे बा बोलायला लागला. माझ्याशी नाही.

"हाव... माह्याच पोरगा. बी.ए. झाला." मग जरा थांबून, "नाई, नोकरी नाई अजून. लागन." मग हसला. "डोया होता तवा त्याचं तोंड पाह्यलं होतं. लय दिवस झाले."

मी म्हणालो, "बा, कोणाशी बोलून राह्यला?"

"तू समोर पाह्य ना बे," एवढंच म्हणाला.

मला वाटलं, म्हातारा घाबरलाय, स्वतःशी बडबडतोय. खरं सांगायचं तर मला ती बडबड बरी वाटत होती. थंडी होती, हात बधिर झाले होते, पण मन मोठं शांत होतं. त्या उतारावर मला किती वेळ गेला याचं भान नाही. एकदा तर वाटलं, हे असंच राहावं. धामणगाव येऊच नये.

निम्म्या घाटात वाट फुटते. उजवीकडची मोठी, गाडीची. मी कॉलेजात असताना दर सुटीत तिनंच यायचो-जायचो. डावीकडची गुरांची, अरुंद, दगडांची. फराटा डावीकडे वळला होता. मी सायकल उजवीकडे घातली. रस्ता मला पाठ होता, दुसऱ्याच्या मागानं कशाला जाऊ?

बानं माझा सदरा मुठीत धरून मागे ओढला. "तिकून नोको. तो म्हन्ते इकून ये."

"तो कोण? माझी वाट ठरलेली आहे, बा."

"असंन तुह्यी ठरेल. पन तो थांबला ना आपल्यासाठी. इतलं सोबत आला, आता काऊन सोडतं त्याले?"

नंबर चुकेल या काळजीनं मला वाद घालायचा नव्हता. चिडून हँडल डावीकडे वळवलं. दगडांवरून खडखडत, कधी पाय टेकवत आम्ही उतरलो. फराटा पुढे होताच. पायथ्याला धुकं विरळ झालं, ऊन आलं, आणि मी पाहिलं – वाटेच्या मधोमध तो फराटा संपला होता. बाजूला वळलेला नाही, पुसलेला नाही. पुढे कोरी ओली माती. फांदी पडलेली नाही, चाकाची रेघही नाही.

कडेला एक बाई हातात दोर घेऊन बसली होती. माझी फांदी सुटायची वाट पाहत.

"मावशी, आमच्या पुढचा सायकलवाला कुठं गेला?"

"कोनता सायकलवाला?"

"आत्ता उतरला तो. फांदीवाला."

"उजाडल्यापासून इथं बसली आहो मी, भाऊ. आज पयली फांदी तुमचीच." मग माझ्याकडे संशयानं पाहून म्हणाली, "देता का नाई?"

मी फांदी सोडून दिली. बानं धुक्याकडे तोंड करून हात जोडले – आम्ही जयभीम करताना जोडतो तसे.

नंबर लागला. ऑपरेशन झालं. शाळेच्या वर्गात गवताच्या गादीवर बा कितीतरी दिवस उताणा पडून होता, हलायचं नाही म्हणून. तिथं मी विचारलं, की घाटात कोण होतं.

"मले काय माईत? आवाजावरून तुह्यापेक्षा मोठा, माह्यापेक्षा लहान. आधी त्यानं जयभीम घातला. मंग तुह्यं इचारलं. मंग मी इचारलं, डोया येईन का? तो म्हने, येईन. तवापासून मले काई भेव वाटलं नाई." मग चिडून म्हणाला, "तुलेबी आईकू येत असन असं वाटलं मले."

पट्टी सुटली तेव्हा बानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "वाळला तू," म्हणाला. बस, एवढंच.

परतताना सायकल हातात धरून घाट चढलो. लख्ख ऊन होतं. फाट्याशी आल्यावर मी मुद्दाम गाडीच्या वाटेनं थोडं आत गेलो. त्या पावसाळ्यात दरड कोसळली होती, वर आमच्या गावाला त्याची खबरच नव्हती. वळण घेतलं की पुढे वाटच नव्हती. खाली सरळ दरी, आणि तळाशी सागाचे शेंडे. मी तिथंच खाली बसलो.

गावात सांगितलं तर लोकांनी नावं काढली – जंगलात मेलेला कोणी असेल, डोंगराचा राखणदार असेल. बा त्यांना एकच विचारायचा, "भूत जयभीम घालते काय बे?" मीही बऱ्याच परींनी अर्थ लावून पाहिला. म्हाताऱ्याला फांदीच्या खरखरीत शब्द ऐकू आले असतील. पण मग मातीवरचा तो माग कुणाचा? दरडीचं बाला कुठून माहीत? त्या बाईनं खोटं बोलावं तर कशासाठी? मी नंतर शाळेत मास्तर झालो, मुलांना कारण आणि परिणाम शिकवले. इथं परिणाम माझ्या घरात बसून भाकर खात होता. कारण मात्र सापडलं नाही.

जाड काचांचा चष्मा लावून बा पुढे बरीच वर्षं जगला. शेतात तण ओळखायचा, नातवाच्या पाटीवरची अक्षरं बोटानं गिरवायचा. मात्र रस्त्यानं कुणी अनोळखी सायकलवाला आला की तो चष्मा काढून हातात घ्यायचा, तो चांगला झालेला डोळा मिटायचा, आणि त्या माणसाला काहीतरी विचारायचा. पाऊस कसा आहे, कुठले तुम्ही, असं काहीही. उत्तर पुरतं ऐकून घ्यायचा. मग डोळा उघडून मला हळूच म्हणायचा, "नाई. हा नोहे."