शिरीषच्या कडेवर

वाळवंटातल्या फिनिक्समध्ये पावसाआधीच्या दमट हवेत क्रिओसोटच्या झुडपांचा उग्र वास आला की माझं डोकं आजही फिरतं.

त्या दुपारी मी ड्राइव्हवेवर एका माणसाशी जुन्या कूलरच्या भावावरून हुज्जत घालत होतो. धुळीची तपकिरी भिंत घरांवर चालून आली, वीज कडाडली आणि माझी चार वर्षांची रेवा किंचाळत धावली. माझ्याजवळून ती थेट शेजारच्या शिरीषच्या कडेवर जाऊन चढली.

"घाबरू नकोस गं, ढग नुसते भांडताहेत. तुझ्या बाबासारखे," तो म्हणाला. ती खुदकन हसली.

कितीतरी वर्षं मी शिरीषला चोर मानलं. आता कबूल करतो, ती आधी माझ्याकडेच आली होती आणि मी न बघताच "थांब जरा!" म्हणून खेकसलो होतो. तरी तिचं ते हसू त्याला मिळालं, हे अजून सहन होत नाही.