भावजींच्या मिशीतलं शिसं

आमचे भावजी, म्हणजे ताईचे यजमान, पाणी तपासणी खात्यात आहेत. त्यांच्याकडे आइस्क्रीमच्या काडीएवढी एक पट्टी असते, टोकाला डोळ्यांना न दिसणाऱ्या कार्बनच्या नळ्यांचा लेप. ती पाण्यात बुडवून जराशी वीज सोडली की यंत्र पडद्यावर रेघ काढतं. पाण्यात शिसं असलं तर रेघेला उंचवटा येतो. पट्टी उचलण्याआधी भावजी मिशीला पीळ देतात. हातमोजे घालून पीळ नीट बसत नाही, म्हणून हातमोजे नाहीत. मिशी काळीभोर. ताईचं डोकं मात्र पांढरं, त्यामुळे नवे शेजारी तिला भावजींची आई समजतात. ती हसून सोडून देते. मला मात्र चीड येते.

मध्यंतरी आमच्या गल्लीतल्या विहिरीत शिसं निघालं. नियमाप्रमाणे भावजींनी आधी शुद्ध पाणी तपासलं होतं. त्याची रेघ सपाट यायला हवी. पण त्यातही शिसं! दुसरा कुणी म्हणाला असता, आपलंच काहीतरी चुकतंय. भावजींनी शुद्ध पाणीच अशुद्ध ठरवलं. मग साहेबांची बाटली, कँटीनचा चहा, शेवटी घाबरून रडणाऱ्या कारकुनाचे अश्रू. सगळीकडे शिसं. साहेबांनी कारकुनाला सक्तीची रजा दिली आणि विहीर बुजवायचा हुकूम काढला. गल्लीच्या तोंडचं पाणी पळालं, कारण आमच्या नळांना पाणी येतच नाही.

विहीर बुजवायच्या आदल्या संध्याकाळी ताई म्हणाली, "अहो, त्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा की एकदा."

"कसली बाटली?"

"मोज्यांच्या मागे लपवता ती. कलपाची."

भावजींनी चष्मा लावून वाचलं. कलपात शिसं होतं. चेहरा पांढराफटक पडला, मिशी तेवढी काळी राहिली.

सकाळी मातीचा ट्रक विहिरीशी येऊन उभा राहिला. साहेब हजर, गल्ली हजर. भावजी हातमोजे घालून पुढे आले. आधी विहिरीचं पाणी तपासलं. रेघ सपाट. मग सगळ्यांसमोर कात्रीने अर्धी मिशी कापून पेल्यात टाकली नि नवी पट्टी बुडवली. उंचवटा पडद्याबाहेर गेला.

"मिशी रंगवता?" साहेबांनी विचारलं.

"लग्नाच्या आधीपासून," भावजी म्हणाले.

गल्ली खो खो हसली. सगळ्यात मोठ्याने मी हसले, आणि ती अर्धी मिशी बघून मलाच रडू आलं.

ट्रक परत गेला. कारकून कामावर आला. मिशी पुन्हा वाढली, पांढरीशुभ्र.

परवा नवा पोस्टमन दारात आला. ताईला म्हणाला, "आजी, आजोबा आहेत का घरात?"

ताईने त्याला आत बसवून चहा पाजला.