जिवंत माणसासाठी सह्या

माझ्या मित्राला फाशीची शिक्षा झाली तेव्हा लातुरात सगळे हळहळले. हळहळायला काय जातंय? डाळमिलमधल्या हमालांची संघटना त्यानं उभी केली होती. संपाच्या दिवसांत मिलला आग लागली, तिच्यात मॅनेजर गेला, आणि आग यानंच लावायला सांगितली असं कोर्टात शाबीत झालं. तो पहिल्या दिवसापासून सांगत आलाय, मी तिथं नव्हतोच. वरच्या कोर्टानंही शिक्षा कायम केली. उरला फक्त राष्ट्रपतींकडचा दयेचा अर्ज. त्याला लोकांच्या सह्यांचं पाठबळ पाहिजे, असं वकील म्हणाले, म्हणून आम्ही समिती काढली.

मी नांदेडला कॉलेजात शिकवतो. सुट्टी मिळाली की एसटीनं लातूर गाठायचो आणि बैठकीत डोकं धरून बसायचो. विषय काय, तर चौकातल्या फ्लेक्सवर कुणाचा फोटो मोठा! एक माजी पदाधिकारी म्हणाले, "माझा फोटो नसंल तर माझी मान्सं येनार न्हाईत." दुसऱ्यांना तिसऱ्यांच्या शेजारी बसायचं नव्हतं, फोटोतसुद्धा. "अरे, माणूस फासावर चाललाय आणि तुम्ही हे काय करून राहिलात!" मी ओरडलो. "सर, तापू नका, चहा घ्या," म्हणाले. सह्या मागायला हमालांकडं गेलो तर ते म्हणायचे, मुकादमाला विचारा. मुकादम म्हणायचा, अडत्याला विचारून सांगतो. बेजार झालो मी.

शेवटी तोडगा निघाला. नेत्यांचे फोटोच नकोत. फक्त त्याचा, मोठा, काळापांढरा, म्हणजे गंभीर दिसेल. खाली सगळ्यांची नावं. 'त्याला जीवदान द्या, सही करा' ही ओळ होती, पण नावं वाढत गेली तशी ती बारीक होत कोपऱ्यात जाऊन बसली. आता आमच्याकडं काळापांढरा फोटो आणि खाली नावांची रांग म्हणजे काय, हे शेंबडं पोरही सांगेल. समितीतल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. मी तेव्हा परीक्षांमुळं नांदेडला अडकलो होतो. सकाळी फ्लेक्स चौकात लागला, दुपारपर्यंत त्याला कुणीतरी झेंडूचा हारही घातला.

रविवारी त्याच्या घरी गेलो, तर दारात चपलांचा ढीग. औशाहून, शिरूर अनंतपाळहून, पार जळकोटहून पाहुणे आलेले. ज्या घरातलं माणूस जातं तिथं चूल पेटत नाही, म्हणून बायकांनी पिठलं-भाकरी फडक्यात बांधून आणलेली. आमच्या एका सभेला एवढी माणसं आली नव्हती! त्याचा चुलता मधोमध बसून, "सोन्यासारखं पोरगं गेलं," म्हणत हमसून रडत होता. वहिनी, म्हणजे माझ्या मित्राची बायको, कपाळावर ठसठशीत कुंकू लावून त्याच्यासमोर उभी होती.

"मामंजी, त्ये हायेत," ती म्हणाली. "जित्ते हायेत. परवाच जेलात भेटून आले."

रडणं थांबलं. कुणी देवाचं नाव घेतलं, कुणी "बरं झालं बाई" म्हणालं. मला वाटलं, चला, चुकून का होईना माणसं जमली, आता काम होईल. मी पिशवीतून कागद काढले. वहिनीनं पेन चुलत सासऱ्यापुढं धरलं.

चुलत्यानं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "सहीचं बगू की. उद्या पोलीस दारात आले म्हंजे? माजा ल्योक सरकारी नोकरीत हाय." तेवढ्यात एकाची एसटी चुकायला लागली. दुसऱ्याला अचानक बारीक अक्षर दिसेना. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत्ता पाच मिनिटांमागं छाती पिटत होतात ना? मी मोठ्यानं बोललोही. जो तो आपली चप्पल शोधत होता.

चुलता उंबऱ्याशी थांबला. "सूनबाई, घोर लावून घिऊ नको. कमीजास्त काय झालं तर आमी हाव की. समदे येऊ."

वहिनीनं भाकरीचं गाठोडं उचलून त्याच्या हातात दिलं.

"तवा नका येऊ," ती म्हणाली. "आत्ता सही करा."

त्यानं गाठोडं काखेत मारलं आणि रिक्षा मिळती का बघायला गेला.