हिर्डोशीहून कोकणचं हवामान

नाव वाचून तुम्ही पाय पसरून बसला असाल. आता माड येतील, होड्या येतील, समुद्र गाजेल. बसा वाट बघत. मी तोवर समुद्र पाहिलाच नव्हता. कोकण म्हणजे आमच्या हिर्डोशीच्या पुढं, वरंधा घाट उतरला की लागतं, एवढंच माझं ज्ञान. तरी त्या चैत्रात कोकणचं हवामान मीच सांगितलं.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती आणि मी एकोणीस वर्षांचा होतो. भोरला मॅट्रिकला दोनदा गचकलो होतो, पण येताना सगळ्या मास्तरांचे आवाज घेऊन आलो होतो. हेडमास्तरांचा खोकला, गणिताच्या मास्तरांचं नाकातलं बोलणं, तलाठ्याचं 'हं, फुडं'. लोक चहा पाजून करायला लावायचे. मग चावडीत सरकारी रेडिओ आला आणि मला नवा गुरू मिळाला, हवामान सांगणारा. त्याचा घसा असा, की नुसतं ऊन पडणार म्हणाला तरी वाटायचं कुणाचं लग्न ठरलंय.

रेडिओ बॅटरीवर चालायचा. बॅटरी उतरली की ती भोरला जायची आणि आठ-आठ दिवस तिकडंच मुक्काम करायची. त्या आठवड्यात तिचा मुक्काम भोरलाच होता.

संध्याकाळी आम्ही चार टाळकी चावडीच्या ओट्यावर बसलो होतो, तेवढ्यात वरच्या वाडीचे धनगरमामा येताना दिसले. माझे सख्खे मामा नव्हेत, सगळं गावच त्यांना मामा म्हणायचं. ते, मामी आणि साठ मेंढरं, एवढंच त्यांचं घर. वाडीवरचा झरा चैत्रात करंगळीएवढा व्हायचा. त्याच्यावर आणि झाडपाल्यावर मेंढरं कशीबशी पावसापर्यंत तगायची. नाहीतर घाट उतरून कोकणात जायचं. तिकडं वळवाच्या सरी झाल्या असल्या तर नदीच्या डोहांना पाणी आणि काठाला कोवळं गवत मिळायचं. पण झाल्या नसल्या तर सगळंच संपलं, कारण तहानलेलं मेंढरू परत घाट चढत नाही.

जायचं का नाही, हे मामा घोंगडीला विचारायचे. वाडीच्या वर कोकणाकडं तोंड केलेला कडा आहे. तिथं रात्री घोंगडी पसरून ठेवायची आणि पहाटे जाऊन मुठीत दाबून बघायची. ओली लागली तर खालून दमट वारं सुटलंय, चला. कोरडी असली तर बसा गप.

"सात दिस झालं, घोंगडी कोरडी ठणठणीत," मामा म्हणाले. "म्हटलं तुमच्या पेटीला इचारावं. ती काय म्हनती?"

मी कुणाकडं बघितलंच नाही. "थांबा मामा, लावतो," म्हणालो, आत गेलो आणि दार ओढून घेतलं.

तोंडानं शिट्टी मारली, थोडी खरखर केली आणि सुरू झालो. "आता हवामान ऐका. कोकणपट्टीत येत्या चार दिवसांत बऱ्याच ठिकाणी पावसाच्या जोरदार सरी येतील. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये." ओट्यावर कुणीतरी फिसकन हसलं, तसा मला चेव आला. "मेंढरं घेऊन जाणाऱ्यांची पाण्याची चांगली सोय होईल."

बाहेर आलो तर तिघं खाली मान घालून बसलेले, खांदे हलताहेत. मामा मात्र देवळात उभं राहावं तसे उभे होते.

"बघा," ते म्हणाले, "सरकारला मेंढरांचीबी काळजी हाय."

तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. पण ते काठी उचलून लगेच निघाले, आणि पाठ वळल्याबरोबर ते तिघं जे हसत सुटले, "येकदा मच्छीमार कर, मच्छीमार कर," त्यात मीही होतो. म्हटलं, उद्या सांगू.

सकाळी उठलो तर आई चुलीपाशी. "धनगरमामा घाटाकडं गेलं रं, दिस उगवायच्या आत. मामी कोंबड्या ठिवून गेली आपल्यात. म्हनं रेडिओनं पाऊस सांगितलाय. रेडिओ तर बंद हाय न्हवं?"

मी तोंड न धुता पळालो. कोसभर गेलो. वाटेवर लेंड्या ताज्या होत्या, धूळ अजून खाली बसली नव्हती. वरच्या वळणावरनं मामांची शीळ ऐकू आली. एक हाक मारली असती तर थांबले असते. मी तोंड उघडलंसुद्धा. मग मामींचा चेहरा डोळ्यांपुढं आला, आणि त्यांना हे कुठल्या शब्दांत सांगायचं तेच सुचेना. मनाला म्हटलं, जुनी माणसं आहेत, घाटाच्या तोंडाशी वारं बघतील आणि आपोआप परत फिरतील. मग मीच परत फिरलो.

सहाव्या दिवशी एसटीचा ड्रायव्हर चहाला उतरला. "खाली नदीत नुसतं गोटं हायती," तो म्हणाला. "तुमच्यातलं कुनी धनगर गेलंय का? मेंढरं पडल्यात वाटंला."

मी त्या दिवशी जेवलो नाही. आईनं पोटात दुखतंय का विचारलं. मी हो म्हणालो.

बाराव्या दिवशी दोघं परत आले. मामांच्या खांद्यावर एक कोकरू, मामींच्या काखेत एक, मागं सात. साठातली नऊ. ओट्यावरच्या एकाला ते बघवलं नाही, त्यानं त्याच संध्याकाळी वाडीवर जाऊन सगळं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. मामा पाला तोडून मेंढरांपुढं टाकत होते.

"बस," म्हणाले. मी उभाच राहिलो. ते आपणहून सांगायला लागले. "हिरीवर बाया हंडं घिऊन रांगंला. त्यांनी येक-येक तांब्या दिला. त्यांनी तरी किती द्यावं? मंग फुडं येक डोह लागला, सडक्या पान्याचा, हिरवागार. मी आडवा गेलो, पर ती काय ऐकत्यात? प्याली आन फुगली."

"मामा, तो आवाज माझा होता."

"व्हय, कळलं काल." त्यांनी एक फांदी उचलली, पानं झटकली. "त्ये मच्छीमारांचं बोललास, त्येबी खोटंच का?"

"व्हय."

"मंग ती मानसं उगंच घरी बसली आसतील रं. त्यांचीबी पोटं हायती."

त्यांना वाटत होतं माझा आवाज तिथपर्यंत गेला. मला रडू फुटलं. एवढं, की मला थांबवताच येईना.

मामी झोपडीतनं बाहेर आल्या. कमरेला पदर खोचलेला, हाताला पाल्याचा चीक.

"रडतोयस? आमी आजून रडलो न्हाई. तू रडलास की ह्ये हातातलं टाकून उठनार, तुला पानी देनार, पाठीवरनं हात फिरवत बसनार. मी वळखती ह्यांना. झऱ्याला दिसभरात दोन हंडं येत्यात. त्यातला येक घोट तुला द्यायला न्हाई माज्याकडं. आन तुजी समजूत काडायला मानूसबी न्हाई. रडायचं आसंल तर खाली जा, आईपाशी रड. नीघ हितनं."