नांदेडचं नववं गाणं

एकच कॅसेट माणसानं किती वेळा विकत घ्यावी, याला कायद्यानं कसलीही मर्यादा घातलेली नाही. घालायला हवी होती. निदान लातुरात तरी.

भूकंपाला वर्ष-दीड वर्ष उलटलं होतं. लातुरात क्लासेसचं पीक नुकतंच जोरात आलं होतं आणि त्या पिकातलंच एक कणीस मीही होतो. एका क्लासमध्ये बारावीच्या पोरांना रसायनशास्त्र शिकवायचो. गल्लीतल्या प्रत्येक घराचा वरचा मजला पोरांना भाड्यानं दिलेला, तसा आमचाही. खाली मी, माझी बायको सुनंदा, आणि अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये माझे वडील, आप्पा.

आप्पा शेडमध्ये का? तर निलंग्याकडच्या आमच्या घराच्या भिंती भूकंपात उभ्या चिरल्या, म्हणून मी त्यांना लातूरला आणलं. ते आले. अंगणापर्यंत आले. घर बघितलं, वर बघितलं आणि म्हणाले, "मधू, ह्यो स्लॅब हाय ना? मग मी हितंच बरा."

"आप्पा, पक्कं बांधकाम आहे. इंजिनिअरनं तपासलंय."

"इंजिनिअर झोपणार हाय का त्याच्याखाली?"

मी त्यांची वळकटी शेडमध्ये नेऊन टाकली. सुरुवातीला अख्खं लातूरच अंगणात झोपत होतं, त्यामुळं काही वाटलं नाही. मग एकेक करून सगळे आत गेले. आप्पा राहिले. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की त्यावर पापड भाजावेत. थंडीत दात वाजायचे. पण घरात पाऊल नाही. जेवणाचं ताट बाहेर, पाण्याचा तांब्या बाहेर. आलेले पाहुणे माझ्याकडं अशा नजरेनं बघायचे, की जणू मीच बापाला घराबाहेर काढलंय! सुनंदा तर रडकुंडीला आली होती.

आप्पांना एकच नाद, गाणं. त्यातही एकच गायिका. (त्यांचं नाव सांगत नाही. आप्पा त्यांना नुसतं 'ताई' म्हणायचे, आपणही तेच म्हणू.) ताईंची भावगीतं ते रेडिओच्या जमान्यापासून ऐकत आलेले. बऱ्याच वर्षांनी ताईंची नवी कॅसेट आली, तेव्हा मी ती लातुरात पहिल्याच दिवशी घेतली आणि छोट्या टेपरेकॉर्डरवर शेडमध्ये लावून दिली. आठ गाणी. आप्पा डोळे मिटून बसले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या कपाळावरची आठी मोडली. मला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात नांदेडहून फोन आला. सुनंदाचा भाऊ, दिलीप.

"दाजी, ताईंची कॅसेट ऐकली का?"

"ऐकली की. आठही गाणी ऐकली."

"आठ?" पलीकडून कीव आल्यासारखा आवाज. "अरेरे. म्हणजे तुमच्यात नववं न्हाई."

हा दिलीप स्वभावानं वाईट नाही. फक्त त्याच्याकडं जे असतं ते दुसऱ्याकडं नाही, हे त्याला फार लवकर कळतं. त्यानं सगळं समजावून सांगितलं. नांदेडच्या एका मोठ्या दुकानाला कंपनीनं एक जादा गाणं दिलं होतं. कॅसेट तीच, कव्हर तेच, फक्त वर एक पिवळं लेबल : 'एक गाणं जादा, फक्त आमच्याकडे'. आणि त्यातली ती तान म्हणजे, दाजी, काय सांगू!

हे त्यानं मला सांगितलं तिथवर ठीक होतं. पण नंतर तो म्हणाला, "आप्पांना द्या फोन." मी म्हणालो, आप्पा घरात येत नाहीत. तर त्यानं सुनंदाकडून निरोप पोचवला! कपाळावरची आठी जागेवर परत आली.

"नववं गाणं हाय म्हणं," आप्पा म्हणाले.

मी लातूरच्या दुकानात गेलो. "नांदेडला जादा गाणं आणि आम्ही काय पाप केलं?"

दुकानदार तसा सज्जन. म्हणाला, "सर, आमालाबी दिलंय ना कंपनीनं." आणि त्यानं काउंटरखालून ताईंचा फोटो असलेला प्लास्टिकचा पंखा काढला. हातानं वारा घ्यायचा. मी तो घरी आणला. आप्पांनी वारा घेतला आणि म्हणाले, "ह्याच्यातून गाणं न्हाई येत."

दिलीप म्हणाला, कॉपी करून पाठवतो. पाठवलीही, एसटीच्या कंडक्टरबरोबर. त्यानं दोन टेपरेकॉर्डर स्वैपाकघरात समोरासमोर ठेवून गाणं भरलं होतं. सुरुवातीला कुकरच्या शिट्ट्या. त्यांतून वाट काढत ताई कुठंतरी लांबून, विहिरीच्या तळातून गात होत्या; शब्द एकही कळत नव्हता. मधेच दिलीपचा आवाज : "अगं, गॅस बंद कर की! रेकॉर्डिंग करून राहिलो ना मी!" आणि त्यावर त्याच्या बायकोचं उत्तर, जे मी इथं देत नाही.

आप्पांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "कुकर सुरात हाय."

मग क्लासमधल्या एका सहकाऱ्यानं सांगितलं, "नांदेडला कशाला जाता सर? जादा गाणं उदगीरलाबी मिळतंय. माझ्या मेव्हण्यानं आणलंय." मी उदगीरची गाडी पकडली. खिडकीला काच नव्हती. सीटला फळी होती, पण ती आपल्या मर्जीनं यायची-जायची. उदगीरच्या दुकानात खरंच लेबल होतं, हिरवं : 'एक गाणं जादा, फक्त आमच्याकडे'. मी आनंदानं घेतली. दुकानदाराला म्हणालो, जरा वाजवून दाखवा. तो म्हणाला, "सील फोडलं की माल तुमचा."

माल माझाच झाला. घरी येऊन लावली. नववं गाणं होतं, पण नांदेडचं नव्हतं! उदगीरला कंपनीनं वेगळंच दिलं होतं. आणि ते गाणं म्हणजे पहिल्याच गाण्याची चाल, बासरीवर. ताई त्यात नव्हत्याच. बहुतेक चहा प्यायला गेल्या असाव्यात.

"मधू," आप्पा शांतपणे म्हणाले, "ह्यात बाई कुठं हाय?"

आता घरात एका कॅसेटच्या दोन प्रती, एक कुकर-आवृत्ती आणि एक पंखा असा संसार झाला होता. मी पार थकलो होतो. कंपनीला हे करून काय मिळत होतं, मला आजही माहीत नाही. आवडत्या माणसाचं गाणं ऐकायचं तर त्यासाठी माणसानं जिल्हे का फिरावेत? उद्या परभणीला दहावं निघालं असतं, बीडला अकरावं!

पण सुनंदाच्या डोक्यात एक विचार आला. ती आप्पांसमोर जाऊन उभी राहिली.

"मामा, यांनी नांदेडचं गाणं आणलं तर एक करायचं. ते आत बसून ऐकायचं. मोठ्या डेकवर."

"डेक बाहेर आणा की."

"वायर पुरत न्हाई."

(वायर पुरत होती. वायर गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत पुरली असती.)

आप्पांनी बराच वेळ स्लॅबकडं बघितलं. मग म्हणाले, "एका गाण्यापुरतं. गाणं संपलं की मी भाईर."

आता प्रश्न गाण्याचा राहिलाच नव्हता. बाप घरात येणार होता! मी क्लासच्या मालकांकडं रजा मागितली. "काय त्रास होतोय सर?" त्यांनी विचारलं. "सासुरवाडी," मी खरं तेच सांगितलं. त्यांनी लगेच दिली. विवाहित होते.

नांदेडला पोचेपर्यंत कंबरेचा काटा ढिला झाला. त्या दुकानात पिवळ्या लेबलची कॅसेट मिळाली. या वेळी मी कॅसेट हातात धरून दुकानदाराला तीनतीनदा विचारलं, "यात ताई आहेत ना? स्वतः?" तो माझ्याकडं बघत बघत एक पाऊल मागं सरकला. परतीच्या गाडीला बसायला आलो, तर स्टँडवर दिलीप हजर.

"दाजी, एवढ्यासाठी आलात? फोन करायचा की! मीच पाठवली असती ना एक."

मी बसमध्ये चढलो.

संध्याकाळी घरात लग्नघराची गडबड. सुनंदानं पुढच्या खोलीत गादी घातली. वरच्या मजल्यावरची पोरंही उतरून आली, कारण आप्पा आत येणार ही गल्लीत बातमी झाली होती. त्यांतला रेणापूरचा एक जण स्वतःला साऊंडमधला तज्ज्ञ समजायचा. "सर, बेस वाढवला का? बेसशिवाय मजा न्हाई." त्यानं बेसचं बटण जाईल तिथवर फिरवलं. स्पीकर ठेवायला जागा नव्हती, म्हणून मी ते भांड्यांच्या मांडणीवर ठेवले. वर स्पीकर, खाली स्टीलचे डबे, ताटं, वाट्या, तांबे. रसायनशास्त्राचा माणूस मी. पदार्थविज्ञानाशी माझा काही संबंध नव्हता, हे असं कळतं.

आप्पा आले. उंबऱ्यावर थांबले. सुनंदानं हात दिला. त्यांनी एक पाय आत टाकला, मग दुसरा. दाराच्या अगदी जवळ, पळायला सोपं पडेल असे, गादीच्या टोकावर टेकले. बोटं गादीत रुतवून धरलेली. त्यांचा विचार बदलायच्या आत मी गुपचूप बटण दाबलं.

आता एक गोष्ट आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हती. नववं गाणं पावसाचं होतं. आणि ते ढगांच्या गडगडाटानं सुरू होत होतं! दिलीपच्या कॉपीत तो गडगडाट कुकरनं गिळला होता.

आधी खूप खोलवरून, जमिनीच्या पोटातून यावी तशी एक घरघर आली. मग ती वाढली. मग मांडणीतलं पहिलं ताट थरथरलं. मग सगळी ताटं. वाट्या नाचायला लागल्या, डब्यांची झाकणं वाजायला लागली, एक तांब्या फळीवरून चालत चालत कडेपर्यंत आला आणि खाली पडला.

"भूकंप!" रेणापूरचा तज्ज्ञ ओरडला.

त्यापुढचं मला नीट आठवत नाही. आप्पा सगळ्यांत आधी बाहेर होते, त्यांना पळताना कुणी पाहिलंच नाही, ते नुसते बाहेर होते. पोरं खिडकीतून, दारातून. आमचा आरडाओरडा ऐकून शेजारच्या पाटीलबाई हातात लाटणं घेऊन बाहेर आल्या, त्यांना बघून समोरचं घर, त्यांना बघून पलीकडचं. वरच्या मजल्यांवरून पुस्तकं छातीशी धरलेली पोरं भराभरा उतरली. अख्खी गल्ली रस्त्यावर! कुणी देवाचं नाव घेतंय, कुणी पोरं मोजतंय.

आणि आमच्या उघड्या दारातून ताई गायला लागल्या.

स्वच्छ, भरदार आवाज. गल्ली हळूहळू गप्प झाली. आप्पांनी मान वाकडी केली.

"मधू, भूकंपात गाणं चालू हाय व्हय?"

पहिलं कडवं गल्लीनं उभ्यानं ऐकलं. पाटीलबाईंनी लाटण्यानं ठेका धरला. आप्पांचे डोळे मिटले. दिलीप म्हणाला होता ती तान आली, आणि खरं सांगतो, तान तशीच होती! मग दुसऱ्या कडव्याला ताईंचा आवाज जरा जड झाला, मग खाली उतरला, मग रेड्यासारखा झाला आणि 'गर्रर्र' करून बंद पडला. डेकनं टेप खाल्ली होती.

"अरं अरं अरं!" आप्पा ओरडले. "बंद करा! तुटंल ती!" आणि कुणाचीही वाट न बघता ते तरातरा घरात शिरले. थेट आतपर्यंत, मांडणीपाशी. मी काही बोलणार तेवढ्यात सुनंदानं माझा दंड असा दाबला, की तो दोन दिवस दुखत होता.

आत जाऊन बघतो तर आप्पा बरोबर खोलीच्या मध्ये, स्लॅबखाली मांडी घालून बसलेले. मांडीवर टेपचा गुंता. "पेन्शील दे," ते म्हणाले. वर बघितलंच नाही त्यांनी. मी पेन्सिल द्यायला हात पुढं केला, तेव्हा त्यांचं लक्ष माझ्याकडं गेलं.

"हे काय धरलंयस?"

मी खाली बघितलं. भूकंप आला असताना सुनंदानं आप्पांचा चष्मा उचलला होता. पोरांनी पुस्तकं उचलली होती. मी छातीशी घट्ट धरून बाहेर आणलं होतं ते कॅसेटचं कव्हर. रिकामं. वर पिवळं लेबल.

आप्पा आधी नुसते बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मग ते जे हसले, जे हसले, की डोळ्यांतून पाणी आलं. "घर पडतंय... बायको हाय, बाप हाय... आन् ह्यो रिकामा डबा घिऊन पळतोय! हे कालेजात शिकवतंय!" भूकंपानंतर ते पहिल्यांदा हसत होते. हसता हसता त्यांनी टेप गुंडाळली, हसता हसता सुनंदानं वाढलेलं ताट तिथंच घेतलं, आणि जेवून तिथंच आडवे झाले. शेडचा विषय कुणी काढला नाही.

टेप पुढं कधी धड वाजली नाही. दुसरं कडवं अजून आम्हाला ठाऊक नाही. आप्पांना त्याचं काही वाटत नव्हतं. मलाही नाही. बाप घरात आला, मी तृप्त मनानं सकाळी क्लासला गेलो.

पण वरच्या मजल्यावरची पोरं माझ्याच वर्गातली, ती माझ्या आधी पोचली होती. मी फळ्याकडं तोंड करून समीकरण लिहीत होतो. अचानक मागच्या बाकांवरून कुणीतरी दोन्ही हातांनी बाक बडवायला सुरुवात केली, मग पूर्ण रांगेनं. गडगडाट! आणि एक आवाज आला, "सर, कव्हर घ्या!"

वर्ग हसून लोळला. अशा पोरांवर रागवायचं नसतं, दुर्लक्ष करायचं असतं, हे मला चांगलं माहीत होतं. मी दुर्लक्षच केलं असतं. पण तोवर मी वर्गाच्या दाराबाहेर पोचलो होतो, आणि छातीशी डस्टर धरलं होतं.