आबांची सहावी कॅसेट

माझे सासरे तोताराम आबा अमळनेरला तेलाच्या गिरणीत वजनकाट्यावर होते. निवृत्त झाले आणि दोन वर्षांत काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. वाचनाचं वेड जबर. डोळे गेले तरी वेड कुठं जातंय! ते माझ्या मानगुटीवर बसलं.

१९९१ साली बाजारपेठेत कॅसेट लायब्ररी निघाली. दरमहा वर्गणी भरायची, एका वेळी एकच कॅसेट न्यायची, तीन दिवसांत परत. गाण्यांच्या ढिगात पुस्तकं वाचून भरलेल्या काही कॅसेटही होत्या. आबांनी एका खुनाची लांबलचक गोष्ट धरली, सहा कॅसेटींची. आता आणायला-पोचवायला कोण? मीच. दुसरी मिळाली तर तिसरी कुणीतरी नेलेली. चौथीसाठी मी पाच खेपा घातल्या. शाळेत शिकवायचं, घरी येऊन रांधायचं आणि वर हे झेंगट!

सहावी एकदाची मिळाली, मशीनमध्ये घातली, तर बँड वाजायला लागला. कुणा दिवट्या सभासदाने तिच्यावर भावाची वरात भरून ठेवली होती. मी तणतणत दुकानात गेले. मालक म्हणाला, "ताई, दुसरी एखादी गोष्ट न्या. वर्गणी तर चालूच आहे ना?" डोकंच सणकलं माझं.

शेवटी शाळेच्या कपाटातून तेच पुस्तक आणलं आणि राहिलेला भाग दोन दुपारींत वाचून दाखवला. खुनी कोण ते कळलं, संपलं की नाही? तर आबा म्हणाले, "माय, माले त्या कॅसेटा इकत लेवान्या शेतस. बठ्ठ्या."

"विकत? सगळ्या? अहो, शेवट तर कळला ना!"

"लेवान्या शेतस."

यांना सांगावं तर हे पेपरात तोंड घालून बसलेले. मग काय, रविवारी मी आणि आबा, धुळ्याची एसटी, उभ्याने. आग्रा रोडवरची तीन दुकानं पालथी घातली. चौथ्या दुकानदाराने वरच्या फळीवरून धुळीने माखलेला संच काढला. "आजोबा, हे कुणी विकत घेत नाही. लोक भाड्यानेच नेतात."

"मी लेस ना," आबा म्हणाले.

घरी आल्याबरोबर त्यांनी खिळा मागितला आणि प्रत्येक कॅसेटच्या कडेचे प्लास्टिकचे दोन्ही तुकडे मोडून टाकले. म्हणजे आता कुणाला वरात भरता येणार नव्हती. मग बोटाने चाचपून ओळखता यावं म्हणून पहिलीवर एक खाच, दुसरीवर दोन, अशा सहाही कॅसेटींवर खाचा पाडल्या. मला हात लावू देईनात. मीही म्हटलं, बसा!

दुसऱ्या दिवशी मी भाकरी थापत होते आणि आबांनी सहावी लावली. गोष्टीतल्या खुन्याची म्हातारी आई तुरुंगाच्या दाराशी आली होती. पोलीस आत सोडेनात, तर ती फडक्यात बांधलेलं जेवण मांडीवर घेऊन दिवसभर उन्हात बसून राहिली. माझा हात परातीतच थांबला. हे मी वाचलंच नव्हतं. चार पानं होती. त्या दुपारी वह्या तपासायच्या राहिल्या होत्या, म्हणून मी सरळ शेवटच्या पानावर उडी मारली होती.

आबांनी बटण दाबून कॅसेट थांबवली.

"तुम्हाला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"पानं उलटाना आवाज येस ना, माय. चार पानं एकदम उलटनात."

मला इतकी शरम वाटली की मी उलट त्यांच्यावरच चिडले. "मग तेव्हाच का नाही बोललात? धुळ्यापर्यंत फरपट कशाला?"

"तुनाकडथून मांगेल वाचन व्हतं ते. त्याले नावं कशी ठेवू?" ते म्हणाले. मग बटणं चाचपून त्यांनी कॅसेट मागे फिरवली. "आते हाई कॅसेट मनी सोतानी शे. तू बी बठ. पयलेपाईन आयक."

तवा तापला होता. मी स्टोव्ह बंद केला आणि बसले.